हौसेला मोल

"हौसेला मोल नसतं," आई म्हणाली, आणि चिवड्याखालचा गॅस बारीक करून बाल्कनीत गेली. तेवढंच. पण त्या दिवसापासून ते तीन शब्द माझ्या पाठी लागले आहेत. विरार लोकलमध्ये उभ्याने पेंगताना मधेच ते आठवतात आणि झोप उडते.

म्हण काही नवी नाही. कुणी ऐपतीबाहेर जाऊन लग्न लावलं की आमच्या चाळीतल्या बायका हे म्हणायच्या. कुणी साध्या वॉयलच्या साडीला भारी लेस लावून आणली तरी म्हणायच्या. मी कधी थांबून ऐकलंच नव्हतं. आता थांबलो, तर अर्थ हातात येईना. 'आईच्या मायेला मोल नाही' म्हणतो तेव्हा ती माया अनमोल असते. 'या घरात माझ्या शब्दाला मोल नाही' म्हणतो तेव्हा त्या शब्दाला कुणी विचारत नसतं. वाक्याची घडण तीच. मग हौसेला मोल नसतं, म्हणजे यातलं काय? आई माझ्या हौसेविषयी बोलत होती, एवढं मात्र नक्की.

माझी हौस अशी. दसरा झाला की मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढतो. तिच्यात कॅसेटी आहेत. नाझिया हसनची 'डिस्को दीवाने', अलिशा चिनॉयची 'मेड इन इंडिया', आणि बोनी एमच्या चार, त्यातली एक त्यांच्या १९८१ सालच्या नाताळच्या गाण्यांची. टेपरेकॉर्डर कधीच बंद पडला, गाणी आता फोनवरच लागतात, पण पेटी उघडल्याशिवाय सण सुरू झाला असं मला वाटत नाही. मग पहिल्या अंघोळीच्या दिवशी उटणं लावून झालं, कारेटं फोडलं, की फराळाची ताटली मांडीवर घेऊन 'चंद्रकांता'चा एखादा भाग बघायचा. हे असं नाताळपर्यंत चालतं.

मी समलिंगी आहे, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांची अशी एक पेटी असते. गावोगावी आतलं सामान वेगळं. लंडनला राहणारा माझा एक मित्र नाताळच्या संध्याकाळी 'डॉक्टर हू' या मालिकेचा जुना नाताळचा भाग लावतो, तोही २००७ सालचा, कारण त्यात खुद्द गायिका कायली मिनोग आहे. त्याची दोन्ही दैवतं एका पडद्यावर. तो हे सांगताना त्याचा आवाज बदलतो. मला त्यातलं काही माहीत नव्हतं, पण तो आवाज मी लगेच ओळखला.

इंग्रजीत या सगळ्याला 'कॅम्प' म्हणतात. सुसान सोन्टॅगने १९६४ साली त्यावर एक निबंध लिहिला. मराठीत मला नेमका शब्द सापडत नाही. भपका म्हणावं तर त्यात पैसा आला. नखरा म्हणावं तर त्यात कुणाला तरी रिझवणं आलं. नट्टापट्टा त्यातल्या त्यात जवळचा, पण तो अंगावर चढवायचा असतो, आणि मी म्हणतोय ती गोष्ट बघण्यातही असते. जे जरा जास्तच आहे, ते तसंच जास्त आहे म्हणून जीव लावून आवडणं. म्हणून पुन्हा आईच्याच शब्दाशी येऊन थांबतो. हौस.

'चंद्रकांता' दूरदर्शनवर १९९४ साली आली, रविवारी सकाळी. देवकीनंदन खत्रींची कादंबरी त्याच्याही शंभर वर्षं आधीची, १८८८ची. चाळीत आमच्याच खोलीत रंगीत टीव्ही असल्यामुळे पंधरा-वीस जण दाटीवाटीने बसत. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह कपाळापर्यंत चढलेल्या भुवया उडवत 'यक्कू' म्हणाला की सगळे हसत. मला हसू यायचं नाही. मी त्या भुवयांकडे, त्या अंगरख्यांकडे, धुरातून वर येणाऱ्या महालांकडे डोळे फाडून बघायचो. आणि अय्यारांकडे. बटव्यात वेषांतराचं सामान घेऊन फिरणारे ते हेर घटकेत म्हातारा, घटकेत दासी, घटकेत शत्रूचा सेनापती होत. मी बारा वर्षांचा होतो. चेहरा बदलून चारचौघांत वावरणारा माणूस मला गोष्टीतला वाटला नाही. ओळखीचा वाटला. पुढच्या वर्षी 'मेड इन इंडिया' आलं. पेटीतून बाहेर येणारा मिलिंद सोमण बघताना मी घाईने उठून पाणी प्यायला गेलो, आणि तेव्हा आपण काय लपवतोय हे मला पहिल्यांदा कळलं.

पण हौस हा शब्द त्याच्याही आधीचा. १९९० साल, चाळीचा गणपती, रेकॉर्ड डान्सची स्पर्धा. मी आठ वर्षांचा. गाणं बोनी एमचं 'रास्पुतिन'. आईने तिच्या लग्नातला शेला ट्रंकेतून काढला, त्याची चौघडी करून माझ्या खांद्यावरून घेतली आणि दोन सेफ्टीपिना लावल्या. दुसरी लावताना ती तिच्याच बोटात घुसली. बोट तोंडात धरून तिने दुसऱ्या हाताने शेल्याची जर सारखी केली, रक्त लागलंय का ते बघितलं, आणि मला स्टेजकडे ढकललं. मी जीव तोडून नाचलो. खाली उतरलो तेव्हा एक काका आईला म्हणत होते, "अहो, हा अगदी मुलीसारखा नाचतो." आई म्हणाली, "हौस आहे त्याला."

त्या वाक्याच्या आडोशाला मी पुढची कितीतरी वर्षं उभा होतो. पुढच्या वर्षी नाचलो तेव्हा काकांनी तोंड उघडलं नाही. हौस म्हटलं की मराठी माणूस वाट देतो.

बोनी एममधल्या बॉबी फॅरेलचं रेकॉर्डवर ऐकू येणारं ते खर्जातलं गाणं त्याचं नव्हतंच, हे मला फार उशिरा कळलं. तो आवाज त्यांचा जर्मन निर्माता फ्रँक फारियान याचा. म्हणजे चमचमते कपडे घालून जगभर नाचणारा बॉबी फॅरेलही एका परीने रेकॉर्ड डान्सच करत होता. कळलं त्या दिवशी मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट तो आणखी जवळचा झाला. दुसऱ्याच्या आवाजावर आपलं अंग इतकं खरं करून दाखवायचं की लोकांनी आवाजही त्याचाच मानावा, याला काय लागतं ते मला माहीत होतं. तो गेला ३० डिसेंबर २०१० रोजी, सेंट पीटर्सबर्गमध्ये, आदल्या रात्रीचा कार्यक्रम करून. खऱ्या रास्पुतिनचा खूनही त्याच शहरात, १९१६च्या ३० डिसेंबरलाच झाला होता. ती बातमी वाचून मी शेल्याची आठवण काढत बराच वेळ बसून राहिलो होतो.

हौस हा शब्द फारसीतून आलेला. हिंदी-उर्दूत तोच 'हवस' म्हणून राहिला आणि तिकडे त्याचा अर्थ वासना. एकच शब्द. सीमेच्या तिकडे तो तोंडातून काढायला माणूस कचरतो आणि इकडे आपण डोहाळजेवणात, मुंजीत, बारशात बिनदिक्कत वापरतो. मराठी बायकांनी त्या शब्दाला न्हाऊमाखू घालून घरात घेतलं असं मला वाटतं. हे समजलं तेव्हा आईचं "हौस आहे त्याला" मला वेगळंच ऐकू आलं. तिने जाणूनबुजून एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला होता का? तिला व्युत्पत्ती ठाऊक असण्याचा प्रश्न नाही, ती सातवी शिकलेली. पण काय झाकायचं आणि कशाने, हे कळायला व्युत्पत्ती लागत नाही.

उलटंही मनात येतं, आणि तेच जास्त टोचतं. हौस फिटते. नाद फिटत नाही, छंद तर म्हातारपणी वाढतो. पण हौस भागली की माणूस मोकळा होतो, पुढच्या कामाला लागतो. मग आई इतकी वर्षं माझी हौस फिटायची वाट बघत होती का? शिवाय हौस काही माझ्या एकट्याची नव्हती. मुलाच्या लग्नात मिरवायची, सुनेला चुडा भरायची, विहिणींच्या पंगतीला आग्रह करायची तिचीही हौस होती. एकदा आत्याशी फोनवर बोलताना ती म्हणाली होती, "आमची हौस राहिली ती राहिलीच." मी बाहेरच्या खोलीत होतो. तिला ते माहीत होतं की नाही, हेही मला माहीत नाही.

जत्रेला जाणाऱ्यांचे तीन प्रकार सांगतात. हवशे, नवशे, गवशे. हौस म्हणून जाणारे, नवस फेडायला जाणारे, आणि काही गवसतंय का बघायला जाणारे. मी स्वतःला कायम हवशांत धरत आलो. आई नवशी. ती गिरगावातून मोत माउलीच्या चर्चला जायची. ८ सप्टेंबरच्या सुमाराला बांद्र्याला आठवडाभर जत्रा भरते, त्यातला एखादा कामाचा दिवस गाठून जायची, गर्दी कमी म्हणून. २००९ साली ती मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर." मी सत्तावीस वर्षांचा होतो. त्याच वर्षी जुलैत समलिंगी संबंधांवरचा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला होता आणि आठवडाभर पेपर त्याच विषयाने भरलेले होते. आमच्या घरात पेपर न बोलता घडी होऊन टीपॉयखाली जात होता.

चढणीला दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं. ज्याला जे हवं त्याचा आकार. हात, पाय, डोळे, घर, तान्हं मूल. आई प्रत्येक दुकानापाशी थांबत होती. तिने घर उचललं, ठेवलं. मी मनात म्हटलं, आता ही बाईची आकृती घेणार, सून मागणार. माझा घसा सुकला. तिने एका बाप्याची आकृती घेतली. वीतभर उंचीची, पिवळट मेणाची, हात अंगाला चिकटलेले, नाकडोळे अर्धवट उमटलेले. तिने ती पदरात धरली, ऊन लागू नये म्हणून, आणि वर जाईपर्यंत दोन्ही हात तिच्यावरून काढले नाहीत. बाहेर आलो तेव्हा पदराला मेणाचा वास येत होता. काय मागितलंस, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. खाली उतरून आम्ही उसाचा रस प्यायलो.

एकटा पुरुष. तो मी होतो? की मला मिळावा असा कुणी? की आधीचा मी जाऊन दुसरा, नीट झालेला मी? त्या मेणाच्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. सोळा वर्षं मी त्याच्याभोवती फिरतोय.

आता मी आणि माझा जोडीदार वसईला राहतो. तो इथलाच, ख्रिस्ती, आणि त्याच्या आईचं घर सायकलवरून दहा मिनिटांवर. आमच्याकडे बांबूच्या काड्यांचा एकच सांगाडा आहे, पाच टोकांचा. दिवाळीला त्याच्यावर केशरी पतंगी कागद चढतो आणि खाली झिरमिळ्या लागतात, तो आकाशकंदील. डिसेंबरात तोच सोलून पांढऱ्या कागदाचा तारा होतो. दरवर्षी आई दिवाळीआधी चार दिवस येते. तो तिला मावशी म्हणतो. दोघं ओट्यापाशी उभं राहून करंज्या करतात. ती भरते, तो कातणाने कडा कापतो आणि त्यांना नेवऱ्या म्हणतो. ती त्याला दरवेळी सुधारते, "करंजी म्हण." मग दहा करंज्या डब्यात वेगळ्या घालून देते, "तुझ्या आईला." गेली काही वर्षं त्यांच्याकडून नाताळात त्याच डब्यातून कलकल येतात. या दोन बायका आजवर एकमेकींना भेटलेल्या नाहीत.

यंदा ती आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हौसेचं ते वाक्य झालं. मी उरलेले दिवस धीर गोळा केला. निघायच्या सकाळी ती पिशवी भरत होती, तो कामावर गेला होता, आत बोनी एम बारीक आवाजात चालू होतं. मी म्हटलं, "आई, बांद्र्याचा तो नवस. काय मागितलं होतंस?"

"कुठला?"

"मेणाचा."

तिने डब्याचं झाकण लावलं, नीट बसलंय का ते दाबून बघितलं. "तो फेडला की मी."

"फेडलास? कधी?"

"झाली सात-आठ वर्षं. बुधवारी जाऊन आले. फार गर्दी नव्हती."

मी वर्षं मोजू लागलो. सात-आठ वर्षांमागे बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती. आम्ही दोघांनी ही जागा घेतली ती तेव्हाच. सर्वोच्च न्यायालयाचा निकालही तेव्हाचाच, २०१८चा ६ सप्टेंबर, जत्रेच्या तोंडावरचा. माझी कावीळ, आत्याचं घर, सगळं त्याच दोन वर्षांत. आई पिशवीची नाडी ओढत होती. मी विचारलं, "म्हणजे मागितलं ते मिळालं?"

"मिळाल्याशिवाय फेडतात का कुणी," ती म्हणाली, आणि मला पिशवी उचलायला सांगितली. स्टेशनपर्यंत रिक्षात ती वाटेतल्या आकाशकंदिलांकडे बघत होती.