टी-ई-एच-यू म्हणजे जमीन

जूनमध्ये लॅपटॉप बदलला आणि विंडोज सोडून उबुंटू टाकलं. जुनं सगळं सरळ कॉपी केलं. त्यात 'दुकान' नावाचं फोल्डर होतं. चार वर्षांत मी ते एकदाही उघडलं नव्हतं.

इस्लापुरात बाबांचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. बाबा गेले, दुकान बंद झालं, कंप्युटर भंगारात गेला. हार्ड डिस्क तेवढी मी काढून घेतली होती.

मग एका काकांचा फोन आला. आतल्या एका वाडीवरचे, आंध समाजाचे. त्यांनी २००९ मध्ये वनहक्काचा दावा केला होता, तो अजून रेंगाळलाय. २००६ च्या कायद्याप्रमाणे जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं. २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी तसा जबाब दिला होता आणि बाबांनी तो टाइप केला होता. आजोबा आता नाहीत. काकांकडची प्रत गळक्या घरात भिजून गेली.

"बाबू, तुझ्या बापाच्या कंप्युटरात असंल की ते. बघ जरा."

फोल्डर उघडलं. साडेतीन हजार फाइली, नावं एक, दोन, तीन अशी. लिब्रेऑफिसमध्ये पहिली उघडली आणि पोटात गोळा आला. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. वाटलं, डिस्क गेली.

डिस्क ठीक होती. बाबा कृती देव वापरायचे. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात, आणि माझ्या नव्या मशीनवर तो फॉन्टच नव्हता. 'मराठी' हा शब्द बाबांच्या फाइलीत ई, जे, के, मोठा बी आणि एच असा आहे. म्हणजे त्या साडेतीन हजार फाइलींत मराठी कधी नव्हतीच. ती फक्त पडद्यावर आणि कागदावर होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि बाबांच्या एक्सपीतही ती लिहिता आली असती. पण बाबा टाइपरायटरवर मराठी तीसची परीक्षा दिलेले, आणि कृती देवचा कळफलक टाइपरायटरसारखाच. बोटं कशाला बदलतील?

फॉन्ट टाकला तर वाचता येत होतं, पण साडेतीन हजार फाइली एकेक उघडून कोण वाचणार? सगळ्यांतला मजकूर एकदम बाहेर काढला. मराठीत शोधून काहीच सापडेना, तेव्हा उलटं केलं: जमीन म्हणजे टी-ई-एच-यू. अडीचशे फाइली निघाल्या. त्यात वाडीचं नाव त्याच भाषेत टाकलं. उरल्या चार.

जबाब तिसरीत होता.

काकांना फोनवर पाठवायचा तर युनिकोड हवं, म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली. सोपं वाटलं होतं. पण 'किनवट' लिहिताना बाबांनी आधी एफ दाबलाय, म्हणजे वेलांटी, मग डी, म्हणजे क. युनिकोडमध्ये क आधी येतो, वेलांटी नंतर. रफाराचं उलट: तो बाबांच्या फाइलीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. प्रत्येक शब्दात बाबांची बोटं ज्या क्रमाने पडली तोच क्रम फाइलीत होता. दोन रात्री मी तो क्रम मोडत बसलो. पहिल्या खेपेला 'आई'चं 'आर्इ' झालं, कारण कृती देवमध्ये ई म्हणजे इ आणि वर रफार. नेटवर कितीतरी ठिकाणी 'भार्इ' दिसतं, ते याच वाटेनं आलेलं. इतकी वर्षं मला ते लोकांचं अशुद्धलेखन वाटायचं!

काकांना वाचता येत नाही. फोनवर वाचून दाखवला. आजोबांनी सांगितलेलं: नाल्याकाठचा बांध कुणी घातला, विहीर कुणी खणली, कुठल्या मोहाच्या झाडापर्यंत हद्द.

"मोहाचं हाय का त्याच्यात?"

"आहे."

"अन् अंगठा?"

फाइलीत अंगठा कुठून येणार? ही फक्त बाबांनी टाइप केलेली प्रत, हिच्या जोरावर काम होईलच असं नाही, तेही मी सांगितलं. शेवटी खाली बाबांनी टिंबांची एक ओळ सोडली आहे आणि तिच्याखाली 'डाव्या हाताचा अंगठा' असं लिहिलंय.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विहिरीचं परत वाच."