आंबेतच्या खाडीवरची काठी

आबांचा उजवा खांदा आखडला तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. हात हलता ठेवा आणि वजन उचलू नका. आबांनी पहिली ऐकलीच नाही. दुसरीचा अर्थ त्यांनी असा काढला की आता गळ बंद.

त्यांचा गळ सुरू झाला तो माणगावच्या काळ नदीवर. तिथे काठी म्हणजे कळकाची, शेंड्याला दोरी बांधलेली. कोंडीच्या कडेला बसून गांडूळ पुढ्यात सोडायचं, बस्स. नोकरीतून सुटल्यावर मात्र त्यांना खाडीचं वेड लागलं. गोरेगाववरून आंबेतला जायचं आणि सावित्रीच्या काठाला बसायचं. अंतुल्यांचं गाव म्हणून आंबेत सगळ्यांना ठाऊक, आमच्या घरात ते काळुंद्रीसाठी ठाऊक.

खाडीवर पुढ्यात सोडून चालत नाही. काठाला चिखल, तिवरं आणि त्यांची मुळं. बोई आणि काळुंद्री फिरते ती वाहत्या आणि थांबलेल्या पाण्याच्या शिवेवर, काठापासून दहा-बारा वाव आत. तिथवर गळ फेकावा लागतो. नुसतं शिसं लावून फेकला तर तळाच्या दगडांत अडकतो, म्हणून बूच हवं. आबांचं बूच म्हणजे जुन्या स्लिपरच्या रबराचा कातरलेला तुकडा. बूच आणि शिशाची गोळी मिळून दहा-बारा ग्रॅम. आबांना हवी होती ती काठी एवढंसं वजन बारा वाव नेणारी.

चार महिने ते घरातच होते. टीव्हीचा आवाज वाढत गेला, बोलणं कमी झालं. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "यांना खाडीवर ने रे. माशाचं राहू दे, पण ने."

तेवढ्यात पनवेलच्या भावोजींनी काठी पाठवली. चांगली महागातली, बारा फुटी, मनगटाएवढी जाड मूठ. आबांनी अंगणात ती दोन्ही हातांनी उभी केली आणि लगेच भिंतीला टेकवली. "जावयानं प्रेमानं दिलंय," एवढंच म्हणाले. काठीवर छापलं होतं, १०० ते २०० ग्रॅम. म्हणजे तेवढं शिसं बांधून लाटांच्या पलीकडे फेकायची ती काठी. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर तिचा उपयोग होईल. दहा ग्रॅमला ती वाकतच नाही, आणि काठी वाकली नाही तर ती फेकणार कशी? सगळा जोर खांद्याने लावायचा. वर बारीक तंगूस लावला तर झटका मारताच तुटणार, कारण धक्का सोसायला शेंडा लवत नाही.

मोठ्या माशाच्या आशेने लोक दणकट काठी घेतात. कधीतरी जिताडा लागेल म्हणून. जिताडा लागतो वर्षातून एकदा, तोही लागला तर. काठी मात्र दर फेकीला उचलायची असते.

मग मी मुंबईला गेलो तेव्हा आबांचं रिळ आणि ते रबरी बूच वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर नेलं. दुकानात नुसती काठी हातात घेतली की सगळ्याच हलक्या वाटतात. रिळ चढवल्यावर खरं कळतं. मुठीच्या पुढे एका बोटावर तोलली आणि शेंडा खाली गेला, तर ती काठी तासाभरात मनगट मोडते, मग वजनकाटा काही का दाखवेना. दुसरं म्हणजे मनगटाने एक हलका हिसका द्यायचा. शेंडा दोनदा हलून थांबला तर ठीक. वेतासारखा डुलतच राहिला तर बूच सरळ जाणार नाही.

लांबीवर मी बराच वेळ घोटाळलो. बुचाला लांब काठी चांगली हे खरं. इंग्लंडात बुचासाठी तेरा फुटी काठी वापरतात. इटलीत बोलोन्या शहराच्या नावाची एक काठी असते, ती पाच ते सात मीटरसुद्धा भरते. लांब काठीने पाण्यावरची दोरी उचलून धरता येते, प्रवाह बूच ओढून नेत नाही. पण लांबीचा सगळा भार येतो खांद्यावर. शेवटी दहा फुटी कार्बनची घेतली, ५ ते २० ग्रॅमची. पाणी काठीपेक्षा खोल असलं तरी अडत नाही. बूच पक्कं बांधायचं नाही, दोरीवर सरकतं ठेवायचं आणि हव्या त्या खोलीवर धाग्याची गाठ मारायची. फेकताना बूच खाली शिशापाशी असतं, पाण्यात पडल्यावर गाठीपर्यंत वर सरकतं.

मूठ मात्र मुद्दाम लांब बघितली, दोन हात बसतील अशी. फेकताना वरचा हात नुसता टेकू देतो, जोर खालच्या हाताने मूठ पोटाकडे ओढण्यात असतो. आबांनी डावा हात वर घेतला, उजवा कमरेपाशी. खांदा वर जायचं कारणच उरलं नाही.

गेलो अष्टमीला. भांगाचं पाणी, ओढ कमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे सहा. आम्ही चारलाच पोचलो. वाटेत विजेच्या तारांखाली मी काठी उघडू दिली नाही. कार्बनमधून वीज जाते, कळकाच्या सवयीच्या माणसाला हे दहादा सांगावं लागतं. आबा वैतागले, "अरे, चाळीस वर्षं मी काय तारांवर मासे धरले?"

पहिलं बूच तिवरात गेलं. दुसरं चार वाव. तिसऱ्याला आबांनी मूठ ओढली आणि रबराचा तुकडा त्या शिवेपाशी जाऊन बसला. कणकेची गोळी दोनदा बोईने चोरली. मग करंदी लावली आणि तळहाताएवढी काळुंद्री आली. काठी मुठीपर्यंत लवली, आबा "सावकाश, सावकाश" म्हणत होते, ते मला की काळुंद्रीला कोण जाणे.

एकंदर तीन मिळाल्या. घरी येऊन त्यांनी आधी काठी गोड्या पाण्याने धुतली, कड्या जुन्या बनियनने पुसल्या. खारं पाणी राहिलं की कड्या गंजतात. आई मासे साफ करायला बसली होती. आबा तिला म्हणाले, "जावयाची काठी पुढच्या खेपेला श्रीवर्धनला नेऊ. ती पोरगा फेकेल."