कुऱ्हाड आणि रंधा

गावानं आमच्या हातात कुऱ्हाड दिली होती. रंधा नाही दिला. गावगाड्यात सरपण फोडणं हे महाराचं काम. वाड्यापुढं ओंडके पडले की माझ्या पणज्यानं उन्हात घाम गाळायचा आणि संध्याकाळी शिळी भाकर घेऊन परतायचं. पण त्याच लाकडाचा पाट, दरवाजा, खाट करायची तर हात दुसऱ्याचे. 1958 च्या कायद्यानं महारवतन गेलं. बोटांत बसलेली भीती कायद्यानं जात नाही, ती मी आमच्या घरात डोळ्यांनी बघितली.

आजा मुंबईत गिरणीला लागला तो रिंगखात्यात. त्याच्या आधीच्या पिढीला साचेखात्याची पायरी चढू देत नव्हते. कारण काय? कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागायचं, आणि आमची थुंकी लागलेला धोटा इतरांना चालत नव्हता. पगार साचेखात्यात जास्त, म्हणजे विटाळाला भाव होता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड्यावर मांडला. आजाचा मुंबईतला संसार 1982 च्या संपात उठला. आता मी इचलकरंजीकडं एका सूतगिरणीत सायडर आहे. तिसरी पिढी, खातं तेच, रिंग.

तर खोलीचं. आमची खोली दहा बाय बारा, वर पत्रा. माणसं पाच. आण्णांची रात्रपाळी असली की ते दिवसा झोपतात, मी सेकंड पाळीचा, आणि बहीण बारावीला. ती मोरीच्या कट्ट्यावर पाटी उलटी ठेवून त्यावर वही लिहायची. शेजारी मागांची खडखड चोवीस तास. पोटमाळा पाहिजे होता. एका मिस्त्रीला विचारलं. त्यानं मजुरी सांगितली चौदा हजार, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकून म्हणाला, "बघू, सण झाल्यावर." कुठला सण ते काही बोलला नाही.

मी म्हटलं, आपणच करू. आण्णा उठून बसले.

"आरं, सुताराचं काम सुतारानं करावं. आपल्याला जमतंय व्हय त्ये?"

"आण्णा, तुम्ही तीस वर्सं मशीन उघडून जोडताय. फळी जोडायला काय जात लागती?"

ते गप्प बसले. पण करवत हातात घेतली नाही.

भंगारात तीन इंची लोखंडी चॅनेल किलोवर मिळाले. मशिनरी ज्या खोक्यांतून येते त्यांच्या पाईनच्या फळ्याही तिथंच. आधी खिळे सगळे उपसायचे. एक खिळा राहिला तरी रंध्याचं पातं गेलं म्हणून समजा. रंधा जुन्या बाजारातून आणला. लाकडाची रेघ कुठं चाललीय ते बघून त्याच अंगानं रंधा मारायचा, उलटा मारला की लाकूड उचकटतं. हे मला कुणी शिकवलं नाही, पहिल्या टाकाऊ फळीनंच दाखवलं. पातळ, गुंडाळलेला ढलपा पहिल्यांदा सुटला तेव्हा आई बघत होती. तिनं तो उचलून वास घेतला.

गुण्या नव्हता. तीन, चार, पाच. भिंतीच्या एका बाजूला तीन फूट मोजा, दुसरीला चार, तिरकस अंतर पाच भरलं की कोपरा काटकोन. लेव्हलला पारदर्शक नळी, तीत पाणी. नळीचं एक टोक ह्या भिंतीला, एक त्या भिंतीला. पाणी दोन्हीकडं एकाच उंचीवर उभं राहतं. ह्यावर कविता सुचत होती, पण आधी भोकं पाडायची होती. दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे होता. आण्णा न बोलता उठले, टोक धरलं आणि म्हणाले, "हलवू नगंस, पानी ठरू दे."

चॅनेलची टोकं भिंतीत चार-चार इंच घुसवून सिमेंटनं बुजवली, सात दिवस पाणी मारलं. तोवर वर कुणाला चढू दिलं नाही. दोन चॅनेलवर फळ्या टाकून भागलं असतं असं वाटतं, पण वाकण्याचा हिशेब वेगळा आहे. ओझं तेच ठेवून लांबी दुप्पट केली की फळी आठपट वाकते. म्हणून मधे तिसरा चॅनेल टाकला. लांबी निम्मी, वाक आठवा हिस्सा. खर्च झाला मिस्त्रीच्या मजुरीच्या निम्म्याहून कमी, त्यात सामानही आलं.

सुताराशी माझं भांडण नाही. त्याच्या पोरालाही जन्मतः रंधाच दिला, दुसरं काही विचारलंच नाही. 1936 साली बाबासाहेबांनी जातीबद्दल जे लिहिलं ते हेच की, नुसती कामं वाटली असती तर चाललं असतं, इथं माणसं वाटली आणि एकमेकांवर रचली. ते मी आधी वाचलं होतं. समजलं मात्र करवत चालवताना.

बहीण आता पहाटे वर चढते. दुपारी पत्र्याखाली भट्टी असते, तेव्हा कुणी जाऊ शकत नाही. त्यावर अजून इलाज सापडलेला नाही.

मित्रांनो, वस्तीतल्या विहारात बाबासाहेबांचे खंड पोत्यात पडून आहेत. सरकारनं 1979 पासून काढले ते, जाडजूड. ओलीनं खालचे दोन फुगलेत. त्यांना कपाट करायचं आहे. फळ्या माझ्याकडं आहेत. अडीच फुटांच्या वर फळी आधाराशिवाय सोडायची नाही, आणि पुढच्या कडेला खालून एक पट्टी उभी ठोकायची, आडवी नाही. येत्या रविवारी पाळी सुटल्यावर चार वाजता या. करवती दोन आहेत. पटाशी कुणाकडं असली तर आणा, धार लावून.