गळ आणि गय

वऱ्हाडातील नदी ओळखावयाची असेल तर ती चैत्रात पाहावी. सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून तापीकडे जाणारी पूर्णा त्या दिवसांत अनेक ठिकाणी सलग वाहत नाही. धार आटते, वाळू उघडी पडते आणि पाणी डोहांपुरते उरते. मासेही तेथेच गोळा होतात. भोई समाजातील मासेमारांसाठी हा सोपा हंगाम आणि म्हणूनच जोखमीचाही. कारण पावसाळ्यात भरलेल्या नदीला मासळीचे बीज याच डोहांतून मिळावयाचे असते.

या डोहांतील मानाचा मासा म्हणजे मरळ. केवळ पाण्यातील प्राणवायूवर त्याचे भागत नाही. हवा घेण्यासाठी त्याला वर यावे लागते. म्हणूनच आटत्या, गढूळ पाण्यातही तो तगून राहतो. मात्र वर येताच पाण्यावर वलय उठते आणि काठावरच्या माणसाला त्याचा ठाव लागतो. गळाला बेडूक किंवा लहान मासा लावून तो माणूस वलयाकडे डोळे लावून बसतो. पण पाण्यावर कधीकधी लालसर पिलांचा पुंजका हलताना दिसतो. त्याच्याखाली जन्मदाते राखणीला असतात. त्यांना धरले, तर पिले इतर माशांच्या तोंडी जातात.

बोलीच्या अभ्यासासाठी पूर्णाकाठी हिंडत असताना एका वृद्ध मासेमाराने मला असा पुंजका दाखविला. “काका, मासा तर समोरच आहे. मग गळ का टाकत नाही?” असे मी विचारले. ते म्हणाले, “पिलं हायेत तठी, सर. तठी गय नाई टाकत आमी.”

वऱ्हाडीत ‘ळ’चा उच्चार पुष्कळदा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, कावळ्याचा कावया, तसा गळाचा गय. प्रमाण मराठीत मात्र ‘गय’ म्हणजे दयामाया, सूट. या दोन शब्दांचे नाते व्युत्पत्तीने जोडणे शास्त्राला धरून होणार नाही. ध्वनिपरिवर्तनामुळे ते केवळ समोच्चारी झाले आहेत. सोबतच्या क्रियापदावरून अर्थ ठरतो: गय टाकली तर गळ, गय केली तर दया. तरीही वहीत ते वाक्य लिहून घेताना माझा हात क्षणभर थांबला. ज्या जागी गय टाकायची नाही, तेथेच गय केलेली होती.

‘गळ’ हा शब्द कोशात सापडेल. तो कोठे टाकू नये, हे मात्र नदीकाठच्या माणसांच्या बोलण्यातच सापडते. वाळूच्या पोटात पाणी मुरून राहते आणि उन्हाळ्यात ते हळूहळू डोहाला मिळते. उपशाने ती वाळूच गेली, की डोह लवकर आटतो. डोह नसला तर पिलांचा पुंजका नाही, आणि पुंजका नसला तर ते वाक्य उच्चारण्याचा प्रसंगही उरत नाही.

आपण आपल्या गावातील व्यवसायबोलीचे शब्द गोळा कराल, तेव्हा प्रत्येक शब्दापुढे त्याचा अर्थ लिहाच. त्याबरोबर ती वस्तू केव्हा वापरीत नाहीत, हेही विचारा आणि मिळालेले उत्तर सांगणाऱ्याच्याच उच्चारात लिहून ठेवा.