पट्टा

परंदवडीला आमच्या घरी दारामागे बुरख्यांच्या शेजारी एक नारिंगी लाइफ जॅकेट टांगलेलं असतं. लहान मुलाच्या मापाचं. येणारी-जाणारी माणसं हसतात. एकीकडे भाताची खाचरं, दुसरीकडे उर्से टोलनाका. इथं समुद्र कुठून आला, असं विचारतात. मी आजवर हसून वेळ मारून नेली. आज लिहिते.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो. मी, माझे शोहर, आठ वर्षांची मुलगी, सासूबाई आणि नणंद. महिनाभर आधीपासून घरात एकच विषय होता, स्कूबा. शोहरांनी कुणाच्या तरी मोबाइलवर पाण्याखालचे मासे पाहिले होते. सासूबाईंना मात्र धास्ती होती. "पानी के अंदर आदमी का क्या काम?" त्या पुन्हा पुन्हा म्हणत. आमची सगळी भीती पाण्याखालची होती. बोटीची भीती कुणालाच वाटली नाही.

धक्क्यावर एका पोरानं शोहरांना नीट समजावून सांगितलं. नाकानं श्वास घ्यायचा नाही, तोंडानं घ्यायचा. अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. मास्कमध्ये पाणी शिरलं तर काय करायचं. दहा-पंधरा मिनिटं ही शिकवणी चालली. बोटीत बसायचं कसं, उठायचं कधी, जॅकेट कसं बांधायचं, याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. जॅकेटं बाकाखाली गोणीत होती. मागितली तेव्हा मिळाली. सगळी एकाच मापाची, मोठ्या माणसांची.

बोटीवरचा पोरगा पट्टे बांधायला पुढे आला. नणंद बुरख्यात होती. ती मागे सरकली. "गैर मर्द के हाथ से पट्टा बंधवाऊँ क्या?" बाकीच्या बायांनीही जॅकेट नुसतं गळ्यात अडकवलं. मीही तसंच केलं. मुलीचं जॅकेट तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होतं. ते बघून सगळे हसले, मीही हसले. बोटीत किती माणसं चढली ते मी मोजलं नाही. वर्गात चाळीस मुलींची हजेरी घेतल्याशिवाय मी फळ्याकडे वळत नाही. शाळेत माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो. त्या दिवशी तो आवाज कुठे गेला होता? मला वाटलं, बाई घाबरट आहे असं म्हणतील. पैसे भरलेत, सगळे मजेत आहेत, आपण कशाला विरस करायचा? एवढंच कारण होतं.

शोहर पाण्यात उतरले, मासे बघून खूश होऊन वर आले. परतताना दुपारचा वारा सुटला होता. कुणीतरी ओरडलं, किल्ला बघा! सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट उन्हात छान दिसत होता. निम्मी माणसं फोटो काढायला उठून एका बाजूला गेली. बोट कलली. तांडेल ओरडला, "खाली बसा! उठू नकात!" तेवढ्यात लाटेचा दणका बसला आणि माझी मुलगी बाकावरून घसरली. मी तिला खांद्याशी धरलं. माझ्या हातात जॅकेट आलं. मुलगी खाली, बोटीच्या तळाशी पडली होती.

झालं एवढंच. बोट सावरली, मुलगी रडली, धक्क्यावर आम्ही सोलकढी प्यायलो. सासूबाई म्हणाल्या, "अल्लाह ने बचाया." मी आमीन म्हटलं. पण ते रिकामं जॅकेट काही दिवस माझ्या हातातून सुटलं नाही. ती पाण्याच्या बाजूला घसरली असती तर?

घरी आल्यावर मी वाचायला लागले. आम्ही गेलो त्याच्या दीड वर्ष आधी, २४ मे २०२२ रोजी, तारकर्लीला स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची बोट उलटली होती. दोघांचा जीव गेला. पाण्याखाली जाऊन सुखरूप वर आलेली माणसं परतीच्या बोटीत बुडाली. केरळमध्ये तानूर इथं ७ मे २०२३ रोजी सहलीची बोट उलटून २२ माणसं गेली. मासेमारीची बोट बदलून ती सहलीसाठी केलेली होती, आणि आत माणसं जास्त होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जण गेले. अशा वेळी बाकाखालची गोणी सोडायला सवड मिळत नाही.

शोहर कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी मला बोटीचा हिशेब सांगितला. माणसं बसलेली असली की वजन खाली राहतं. उभी राहिली की वजन वर चढतं. सगळी एका बाजूला गेली की तो काठ पाण्याकडे झुकतो. मग छोटी लाटही आत पाणी टाकते, आणि ते पाणी झुकलेल्या बाजूलाच धावतं. म्हणून तांडेल ओरडतो. जॅकेटचंही तसंच. ते बांधलेलं नसेल तर पाण्यात ते वर तरंगतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो. परीक्षा सोपी आहे. पट्टे बांधून कुणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायला सांगायचं. ते हनुवटीपर्यंत आलं तर सैल आहे. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच.

आम्हा बायांना एक गोष्ट जास्त सांगायला हवी. भिजलेला बुरखा जड होतो, पायांत गुंततो. बुरख्यावरून जॅकेट घालता येतं, पण घट्ट बांधायला हवं. परक्या पुरुषाचा हात नको, हे मी समजू शकते. मग बहिणीनं बहिणीचा पट्टा बांधावा, जावेनं जावेचा. एवढं केलं की लाजही राहते आणि जीवही.

सासूबाईंशी माझा वाद झाला. "मौत लिखी है तो घर में भी आएगी," त्या म्हणाल्या. मी त्यांना उंटाची हदीस आठवून दिली. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, अशा अर्थाची. लहानपणी मी ती त्यांच्याच वयाच्या बाईकडून ऐकली होती. त्या बराच वेळ तसबीह फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "तो बाँध दे ना. मना कौन किया?"

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. ती बातमी मला वाचवेना. त्या दोघींनाही कदाचित माझ्यासारखंच वाटलं असेल, मुलांचा विरस नको. दुसऱ्याच आठवड्यात मी मुलीच्या मापाचं जॅकेट विकत आणलं आणि आधी आठवीच्या वर्गात नेलं. मुली खिदळल्या. मग एकमेकींना पट्टे बांधून खांदे ओढू लागल्या. त्या वर्षी ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका मुस्लिम कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात चार मुलं होती. तो प्रवाह वेगळा, तिथं जॅकेटचा प्रश्नही नव्हता. पण पाण्याशी मस्करी नको, हे मावळात राहून आम्हाला पुन्हा कळलं.

आता ते जॅकेट माझ्या मुलीला होत नाही. मागच्या महिन्यात शेजारची भाभी ते मागायला आली. हसणाऱ्यांत तीही होती. ते लोक मालवणला निघाले होते, धाकटा सहा वर्षांचा. मी जॅकेट दिलं, पोराला अंगणात उभं केलं आणि पट्टा बांधून दाखवला. मग तिला म्हटलं, आता तू सोड आणि तू बांध. तिनं तीनदा बांधला.