डब्यात काय आहे?

आमचं मुदखेड जंक्शनचं गाव. इथून एक फाटा आदिलाबादकडं जातो, दुसरा निजामाबादकडं. आम्ही रेल्वेत गँगमन म्हणून लागलो आणि की-मन म्हणून निवृत्त झालो. सारी हयात रूळ तपासण्यात गेली. हॉटेलात जेवायला जाणं हा प्रकार आमच्या घरात नव्हताच. लहानपणी गावातल्या एका हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी वेगळी असे. ती बाहेरच्या बाजूला ठेवलेली. आपली आपण धुवायची, मग वरून चहा ओतला जाई. आता तसं काही राहिलं नाही. तरी हॉटेल म्हटलं की आमचा पाय आधी दारात थांबतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता थोरल्याकडं अमेरिकेत गेलो होतो. तो न्यू जर्सी राज्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. एका रविवारी म्हणाला, "बाबा, आज पेरूच्या हॉटेलात जेवायला जायचं. माझे मित्र येणार आहेत."

आमच्या मंडळी म्हणाल्या, "जामाचं कसलं हॉटेल रे? मीठ-तिखट लावून फोडी देतेत काय?"

आमच्याकडं पेरूला जाम म्हणतात. मग त्यानं समजावलं, पेरू हा दक्षिण अमेरिकेतला देश आहे, लिमा ही त्याची राजधानी.

हॉटेल पॅटरसन गावात होतं. हे एकेकाळी रेशमाच्या गिरण्यांचं गाव. १९१३ मध्ये इथल्या कामगारांनी मोठा संप केला होता. आपल्या नांदेडची उस्मानशाही मिल थांबली तशा इथल्या गिरण्याही थांबल्या. पण गिरण्यांत कामाला आलेले पेरूचे लोक इथंच राहिले. मार्केट स्ट्रीटवर त्यांची दुकानं आहेत, हॉटेलं आहेत.

टेबलाला आम्ही पाच जण. आम्ही दोघं, थोरला, त्याच्यासोबत नांदेडला कॉलेजात असलेला उदगीरकडचा पाटलाघरचा मित्र, आणि कंपनीतली एक पेरूची मुलगी. मागवायचं काम तिच्याकडं होतं. आधी भाजलेला मका आला, आपल्या फुटाण्यासारखा. मग उकडलेल्या आलूच्या चकत्या, त्यावर पिवळ्या मिरचीची आणि चीजची दाट चटणी. लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी आली. ती मंडळींनी बोटानं बाजूला सारली. भाजलेली कोंबडी मात्र आम्हा सर्वांना पसंत पडली.

आलू हे मूळचं त्यांचंच, ही गोष्ट आम्हाला त्या दिवशी कळली. टिटिकाका नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्या आसपासच्या डोंगरात सात-आठ हजार वर्षांपूर्वी त्याची लागवड सुरू झाली. पुढं गोऱ्यांच्या जहाजांतून ते जगभर गेलं. पुण्या-मुंबईकडचे त्याला बटाटा म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीजांचा.

शेवटी लोखंडी सळयांवर भाजलेले मांसाचे तुकडे आले. लसूण, जिरं, लाल मिरची लावलेले. नाव अँटिकुचो. मुलगी आनंदानं म्हणाली, हे बैलाचं दिल आहे, म्हणजे हृदय. आम्ही तिघं एकमेकांकडं पाहू लागलो. तिनं सांगितलं, स्पेनच्या राज्यात मळ्यांचे मालक चांगलं मांस स्वतः घेत आणि दिल, आतडी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडं टाकत, असं त्यांच्याकडं सांगतात. गुलामगिरी १८५४ मध्ये उठली. ते खाणं मात्र राहिलं. आज लिमात रस्त्यावरच्या गाडीपासून बड्या हॉटेलापर्यंत सगळीकडं ते मागून खातात.

आम्हाला आमच्या मायची चूल आठवली. मेलेलं ढोर ओढणं आणि खाणं आमच्या वाडवडिलांनी सोडलं. १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांनी ते बजावून सांगितलं होतं. ते योग्यच झालं. पण बाजारातून रोख पैशानं आणलेली वजडी, रक्ती, उन्हात वाळवलेल्या चान्या, हे तर आमच्या घरचं चांगलं जेवण होतं. तरी आम्ही ते लपवलं. गँगवर जेवायला बसलो आणि कुणी विचारलं, डब्यात काय आहे, की आमचं उत्तर ठरलेलं : आलूची भाजी. पोरांनाही शाळेत तेच सांगायला शिकवलं. थोरल्याच्या कपाटात शाहू पाटोळे यांचं २०१५ चं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आहे. मराठवाड्यातलं आपल्या घरांतलं हे सगळं खाणं त्यात लिहिलेलं आहे. ते आम्ही वाचलं तेसुद्धा तिथं, परदेशात.

मुलीनं मंडळींना विचारलं, तुमच्या घरी खास काय करता? मंडळींनी सवयीनं "आलू..." म्हटलं आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "वजडी. सांग तिला."

थोरला क्षणभर गप्प बसला. मग त्यानं सांगितलं. वजडी कशी साफ करायची तेही मंडळींनी त्याच्याकडून सांगवलं, चुन्याच्या पाण्यासकट.

उदगीरकर ऐकत होता. म्हणाला, "मावशी, कॉलेजात असताना तीन वर्षं तुमच्याकडं जेवलो. मला तर दरवेळी कोंबडीच वाढली."

"तू कधी इचारलंस का बाबा?" मंडळी म्हणाल्या.

गेल्या डिसेंबरात तो गावी आला होता. मुदखेडला उतरला, आधी फोन करून. आम्ही सकाळीच बाजारात जाऊन वजडी आणली. दोन भाकरी जास्त खाल्ल्या त्यानं. निघताना डबाही भरून घेतला. घरी डब्यात काय आहे म्हणून विचारलं असेल, तर त्यानं काय सांगितलं, ते मात्र अजून आम्हाला कळलेलं नाही.