जवळ जाण्याची विद्या

हरणाच्या वाटेवर निघताना मी धनुष्य घरी ठेवतो. काळवीट आणि चिंकारा दोघंही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. १९७२च्या या कायद्यानं त्यांची शिकार हा गंभीर गुन्हा ठरवला, आणि ते मला मनापासून पटतं. तरीही शिकाऱ्याची जुनी विद्या मी माझ्या काष्टी गावाच्या आसपासच्या माळावर दर हिवाळ्यात गिरवतो. त्या विद्येचा मोठा भाग बाण सुटण्याआधीच संपलेला असतो.

आमच्या कंपाउंड धनुष्याच्या स्पर्धेत लक्ष्य ५० मीटरवर असतं. साताऱ्याच्या अदिती स्वामीनं आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत याच प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा ऊर भरून आला. पण मैदानावरचं लक्ष्य जागचं हलत नाही, कान टवकारत नाही. धनुष्याच्या शिकाऱ्याला मात्र सावध जनावराच्या तीसेक मीटर जवळ पोचावं लागतं. तिथवर पोचणं हीच खरी कसोटी.

उसाचा पट्टा मागे पडला की हिवर, बोर, तरवड आणि गुडघाभर कुसळी गवत लागतं. उजाडताना चिमूटभर माती बोटांतून सोडायची. हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्येकडून येतो. आपण वायव्येकडे चाललो, की कोवळं ऊन पाठीवर पडतं आणि वारा उजव्या गालावर लागतो. आपला वास कळपाकडे जात नाही आणि उन्हामुळे त्यांना आपल्याकडे नीट बघता येत नाही. काळवीट सगळ्यात जास्त विसंबतं ते डोळ्यांवर, म्हणून उन्हाला मी जास्त मान देतो.

कळप दिसला की त्याच्या रोखानं चालायचं नाही. तिरकं, शेताकडे निघालेल्या माणसाच्या चालीनं जायचं, नजर जमिनीवर ठेवायची, मध्येच थबकायचं नाही. बैल हाकत निघालेल्या शेतकऱ्याला हरणं बिचकत नाहीत, हे जुन्या शिकाऱ्यांनी फार पूर्वी हेरलं होतं. कोल्हापूर संस्थानात शिकारीचे चित्ते गाडीवरूनच काळविटांच्या जवळ नेत. गाय पारधी जनावराच्या आडोशानं सावजापर्यंत पोचत; त्यांचं नावच त्यावरून पडलं. बैलबाजाराच्या काष्टीत राहणाऱ्या मला ही युक्ती फार जवळची वाटते. माझ्याकडे बैल नसतो, म्हणून मी त्याच्या धन्याची चाल घेतो.

कळपात पहिली मान वर होते ती बहुतेक वेळा मादीची. पिळदार शिंगांचा काळा नर आपल्या लेंड्यांच्या ढिगापाशी ऐटीत उभा असतो. त्याचं सगळं लक्ष दुसऱ्या नरांवर. म्हणून मी डोळ्याच्या कोपऱ्यातून मादीवर लक्ष ठेवतो. तिनं मान उचलली की आहे त्याच चालीनं थोडं बाजूला सरकायचं. ती पुन्हा चरायला लागली, तरच पुढचं पाऊल. दुसरी मान, तिसरी मान वर झाली की आपली हद्द संपली. त्यानंतर एखादी उंच उडी घेते आणि सगळा कळप उधळतो. ती उडी मारायची वेळ तिच्यावर येऊ द्यायची नाही, हा माझा नेम. हद्द कळली त्या जागी उभं राहून श्वास अर्धा सोडायचा, खांदे सैल करायचे, अगदी बाण सोडण्याआधी करतो तसं. आणि मग आलो तसं तिरकंच परतायचं. पाठीमागे कळप चरत राहिला, तर सकाळ साधली.

शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंत रथ उधळत हरणामागे धावतो आणि आश्रमवासी त्याला अडवतात. मला तो प्रसंग दोन अंगांनी भावतो. एक तर धावून हरिण जवळ येत नाही. आणि अडवणारा कुणीतरी असावाच लागतो. आज ते काम कायदा करतो. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० साली झालं, पण ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. त्याबाहेरची हरणं तुमच्या-आमच्या माळांवर आणि हरभऱ्याच्या शेतांवर जगतात. ज्या माळाला आपण पडीक म्हणतो, तोच त्यांचं घर आहे. शिकार थांबली तरी शिकाऱ्याची विद्या टिकते, हे मी स्वतः अनुभवतो आहे. माळ नांगरला गेला, तर मात्र हरिण आणि विद्या दोन्ही जातील, आणि तिथे कुठलाच नेम कामाला येणार नाही. धनुष्य हाती धरणाऱ्या प्रत्येकानं गावातला उरलेला माळ राखण्यासाठी उभं राहावं, असं मला कळकळीनं वाटतं.